चार किरणांची गुंफण

ईमेल आला तेव्हा जानकी लोके पॅकिंगच्या शेडमध्ये आंबे पुसत बसली होती. मे महिना, कॉलेजला सुट्टी, आणि मिठबावच्या बागेतली शेवटची तोड उतरलेली. अशा दिवसांत लोक्यांच्या घरात कुणी खुर्चीत बसलेलं दिसत नाही. जानकीची नणंद, जिला सगळं गाव अक्का म्हणतं, पेट्यांत गवत अंथरत होती. नवरा प्रीतम टेम्पोवाल्याशी फोनवर हुज्जत घालत होता. जानकीने चिकाने काळे झालेले हात पदराला पुसले, फोन उघडला, आणि वाचता वाचता ती उभीच राहिली.

"काय गो, कोण गेला?" अक्काने विचारलं.

"कोण नाय. परीक्षकांचा अहवाल इलो."

"मगे? पास मां?"

फोन हातात धरून जानकी शेडच्या बाहेर, फणसाच्या सावलीत गेली आणि तो मजकूर तिने पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला.

ती तालुक्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायची. एम.एस्सी. झाल्याझाल्या लग्न झालं, मग मुलगी, मग सासूचं आजारपण. मुलगी आकांक्षा इंजिनिअरिंगला कोल्हापूरला गेली आणि घर अचानक मोकळं झालं, तेव्हा चाळिशी उलटलेल्या जानकीने गोव्यातल्या एका संस्थेत पीएच.डी.साठी नाव घातलं. "ह्या वयात कसली शाळा?" असं अक्का तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाली होती. आपण ते मनावर घेतलं नाही असं जानकी सांगायची. पण घेतलं होतं. शनिवारी पहाटेच्या एसटीने ती गोव्याला जायची, मार्गदर्शक प्रभुदेसाई सरांबरोबर दिवसभर बसायची आणि संध्याकाळी डब्यातली उरलेली भाकरी खात परत यायची. अशी वर्षं गेली होती. प्रबंध पाठवून झाला होता. आता फक्त तोंडी परीक्षा राहिली होती.

तिचा विषय होता प्रकाशाचे किरण आणि त्यांची आपसातली गुंफण. पुस्तकांतून ही गुंफण, म्हणजे एन्टँगलमेंट, शिकवतात ते बहुतेक वेळा छापा-काट्यासारखं असतं: हे किंवा ते. जानकीच्या किरणांचं तसं नव्हतं. किरणाच्या जोराला आणि तालाला मुळातच एक बारीक थरथर असते आणि ती कुठलंही मूल्य घेऊ शकते, भरतीचं पाणी खडकावर कुठल्याही उंचीला टेकावं तशी. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत शौनक नावाचा तरुण संशोधक लेझरपासून असे चार किरण तयार करायचा. एकेकटा पाहिला तर प्रत्येक किरण नुसता थरथरणारा. पण कुठल्याही दोघांच्या जोरातला फरक काढला की थरथर जवळजवळ नाहीशी व्हायची, आणि चौघांच्या तालांची बेरीज केली की तीही शांत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी इतक्या शांत होणं साध्या प्रकाशाला जमत नाही. त्यासाठी किरण एकमेकांत गुंफलेले लागतात.

प्रश्न असा, की चौघं गुंफलेले आहेत हे ठरवायचं कसं? कदाचित तिघंच गुंफलेले असतील आणि चौथा आपला उपरा. कदाचित दोन-दोनच्या दोन जोड्या असतील. चार किरणांचे दोन गट पाडायच्या अशा सात तऱ्हा होतात. जानकीने शेजारशेजारच्या किरणांच्या तीन जोड्यांवर तीन कसोट्या बांधल्या होत्या. उरलेल्या थरथरीचा मोजलेला आकडा एका ठरावीक मर्यादेच्या खाली आला की त्या जोडीला वेगळं करणाऱ्या सगळ्या तऱ्हा बाद. शौनकच्या मोजणीत तिन्ही आकडे मर्यादेच्या खाली आले होते, म्हणजे सातही तऱ्हा बाद. म्हणून तिने प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात ठासून लिहिलं होतं: ही चौघांची अस्सल गुंफण आहे.

परीक्षकांनी प्रबंधाचं कौतुकच केलं होतं. शेवटी फक्त एक परिच्छेद होता. सातपैकी कुठलीही एक तऱ्हा चालत नाही हे तुम्ही दाखवलंत. पण तऱ्हांचं मिश्रण चालत नाही हे कुठे दाखवलंत? समजा यंत्र कधी या तऱ्हेचे किरण सोडत असेल, कधी त्या तऱ्हेचे. मग सरासरीत तुमचे तिन्ही आकडे खाली येऊ शकतील आणि तरी एकदाही चौघं एकत्र गुंफलेले नसतील.

पहिले दोन दिवस जानकी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडली. आंबे पुसताना, भात वैरताना, कपडे वाळत घालताना तिचं उत्तर तयार व्हायचं आणि कागदावर आलं की विरघळायचं. मग तिने दुसरा रस्ता धरला. आपल्याच कसोटीला फसवून बघायचं. तिने संगणकावर तसं एक मिश्रण रचलं: काही वेळा पहिला किरण एकटा, काही वेळा दोन-दोनच्या जोड्या, काही वेळा चौथा एकटा. एकदाही चौघं एकत्र नाहीत. आणि ते मिश्रण तिने स्वतःच्या कसोटीला दिलं.

कसोटीने त्याला पास केलं.

माडीवरच्या खोलीत पंख्याच्या वाऱ्याने कागद फडफडत होते. जानकी स्क्रीनकडे बघत राहिली. खाली कुणीतरी हसत होतं. तिला वाटलं, आपण इतकी वर्षं एसटीने गेलो-आलो ते ह्यासाठी?

प्रभुदेसाई सरांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. माणूस सज्जन होता. "माझ्याही नजरेतून सुटलं, जानकीबाई," ते म्हणाले. "पण घाबरू नका. एक शब्द बदला. 'अस्सल' काढा आणि 'कुठल्याही एका तऱ्हेने न तुटणारी' असं लिहा. तेवढं खरंच आहे. परीक्षक समाधानी होतील."

"आणि चौघं खरंच एकत्र आहेत की नाहीत, ते?"

"ते पुढचं काम. तुमची नोंदणी जूनअखेर संपते. वाढवून मिळेल याची मला खात्री नाही. दुरुस्त प्रत त्याआधी हवी."

प्रीतमचंही तेच मत पडलं. "आधी डिग्री घे. मगे जल्मभर सोडवत बस, कोण अडवता तुका?"

त्याचं चुकत नव्हतं, आणि म्हणूनच जानकीला ते जास्त लागलं. शब्द बदलून प्रबंध खोटा ठरला नसता. पण जे शोधायला ती निघाली होती तेच त्यातून गळून पडलं असतं. चौघं एकत्र आहेत का, हाच तर प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेडमध्ये आली आणि नेहमीच्या जागी बसली. अक्काने तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

"वर जा."

"अक्कानू, पेटये आज जावक व्हये."

"पेटये जातले. आंबो पुसूक डोक्या लागणा नाय, तां मी करतंय. तुझा काम माका येणा नाय, तां तू कर. आणि चाय खालती घेवक येव नको, मी धाडतंय."

बाबा, म्हणजे सासरे, ओसरीवर बसून हे ऐकत होते. उभी हयात बोटीवर काढलेला माणूस. घरातल्या बायकांच्या बोलण्यात ते सहसा पडत नसत. त्या दिवशी ते उठले, शेडमध्ये आले आणि जानकीच्या जागेवर बसून मुकाट्याने आंबे पुसायला लागले.

जानकी वर गेली.

पहिली दुरुस्ती तिला लवकर सापडली. मिश्रण पकडायचं तर आकडे वेगवेगळे तपासून भागणार नाही. त्यांची बेरीज तपासायला हवी. मिश्रणातला प्रत्येक हिस्सा कुठली ना कुठली जोडी तोडतोच, आणि तुटलेल्या जोडीचा आकडा त्या हिश्श्यापुरता मर्यादेच्या खाली जाऊ शकत नाही. म्हणजे बेरजेलाही एक तळ आहे. तीन किरणांसाठी असं गणित बऱ्याच वर्षांपूर्वीच कुणी करून ठेवलं होतं. तिने ते वाचलंही होतं आणि आपल्या चार किरणांना त्याची गरज नाही असं गृहीत धरलं होतं. आता तिने ते चौघांसाठी मांडलं आणि उत्तर आलं: तिन्ही आकड्यांची बेरीज मर्यादांच्या बेरजेच्या एक तृतीयांशाच्याही खाली यायला हवी.

तिने शौनकला फोन लावला. आकडा सांगितला.

"मॅडम, एक तृतीयांश?" तो म्हणाला. "आपण आत्ता निम्म्याच्या आसपास आहोत. त्याच्या खाली जायचं तर प्रकाशाची थरथर आणखी दाबायला हवी. आमच्या टेबलावर ते नाही होणार. आरसे बदलावे लागतील, डिटेक्टर बदलावे लागतील. दोन वर्षं तरी जातील."

"तुझ्याकडे दुसरा काही उपाय?"

"तुम्हीच सांगा ना, मॅडम. मी मोजणारा माणूस."

त्या सोमवारी अक्का तिला जवळजवळ ओढतच कुणकेश्वरला घेऊन गेली. "देवाक काय सांगूचा तां सांग, नायतर सांगू नको. पण घराभायर पड." दर्शन झाल्यावर दोघी देवळामागे समुद्राकडे तोंड करून बसल्या. ओहोटी होती. ओल्या वाळूवर कुणाची तरी पोरं धावत होती.

"नेमका काय अडला, माका सांग," अक्का म्हणाली.

जानकीने सांगितलं. समजा चार माणसं आहेत. ती चौघं मिळून एक आहेत का, हे मला लांबून ओळखायचं आहे. रोज एक जण बाजूला पडतो, पण रोज वेगळा. महिन्याअखेर हिशेब केला तर सगळी सगळ्यांबरोबर दिसतात, पण एकाही दिवशी चौघं एकत्र नव्हती. हे मला ओळखता यायला हवं. ओळखायची रीत मिळाली आहे, पण ती इतकी कडक आहे की खरोखर एकत्र असलेले चौघंही तिच्यात नापास होतील.

अक्काने नीट ऐकलं. मग प्रामाणिकपणे मान हलवली.

"माका कायएक कळाक नाय. तुका कळला मां?"

"माका कळला. पण उत्तर गावना नाय."

"मगे बरा. कळला हा तर गावतला." आणि तिने पिशवीतून शेंगदाण्याची पुडी काढली.

जानकीला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं. काही वर्षांपूर्वीचं ते 'ह्या वयात' अक्काला आठवत असेल का, असं तिच्या मनात आलं; विचारावंसं मात्र वाटलं नाही. दोघींनी दाणे संपवले आणि रिक्षा करून घरी आल्या.

उत्तर मिळालं ते दोन-तीन दिवसांनी, सकाळी, अगदी कोरडेपणाने गणित तपासताना. 'एक तृतीयांश' इतकं निर्दय का येतं, एवढंच तिला बघायचं होतं. तिने चार ठिपके काढले आणि आपल्या तीन कसोट्या रेघांनी जोडल्या: पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, तिसरा-चौथा. एक साखळी झाली. साखळीच्या टोकाचा ठिपका वेगळा काढला तर एकच रेघ तुटते. तीनातली एक. तिथूनच तो एक तृतीयांश येत होता.

पण साखळीच का? तीन जोड्या तिने घेतल्या होत्या त्या काटकसरीने. सात तऱ्हा बाद करायला तीन पुरतात, म्हणून सगळे तीनच घेतात. जोड्या मात्र एकूण सहा होतात. तिने उरलेल्या तीन रेघा काढल्या: पहिला-तिसरा, दुसरा-चौथा, पहिला-चौथा. आता प्रत्येक ठिपका प्रत्येकाला जोडलेला होता. कुठलाही एक वेगळा काढा, तीन रेघा तुटतात. दोन-दोन करा, चार तुटतात. कमीत कमी तीन. सहांतल्या तीन.

निम्मं.

तिने पेन खाली ठेवलं. पुन्हा उचललं. सातही तऱ्हा एकेक करून मोजल्या. मग प्रत्येक पायरी उलट्या बाजूने तपासली, मग आपलं ते फसवं मिश्रण नव्या बेरजेला देऊन बघितलं. या वेळी कसोटीने त्याला हाकलून लावलं. एवढंसं होतं ते. पानभरही नाही. वर्गात मुलांना फळ्यावर दाखवता आलं असतं.

आणि दुसरी गोष्ट तिच्या लक्षात आली तेव्हा ती जिन्यावरून धावत खाली आली, कारण माडीवर फोनला रेंज नव्हती. नव्या जोड्यांसाठी नवा प्रयोग लागणारच नव्हता! शौनकच्या टेबलावर चारही किरणांची थरथर एकाच वेळी नोंदली जात होती. पहिल्या-तिसऱ्याचा फरक त्याच नोंदींत पडून होता. तो कुणी काढलाच नव्हता, एवढंच.

"शौनक, सहाही जोड्या काढ. बेरीज कर. निम्म्याच्या खाली आहे का सांग."

"निम्म्याच्या?" तो ओरडलाच. "थांबा, मॅडम. ठेवू नका फोन. नाही, ठेवा. मी करतो परत."

अंगणातल्या माडाला टेकून ती वाट बघत बसली. अक्का दोनदा येऊन बघून गेली. तिसऱ्यांदा आली ती पाट घेऊनच आली आणि शेजारी बसली.

शौनकचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज उत्साही होता आणि खट्टूही. बेरीज निम्म्यावर आली होती. म्हणजे निम्म्याच्या केसभर खाली. पण मोजणीत जी चूकभूल धरावी लागते ती त्या केसापेक्षा मोठी होती. आहे म्हणावं तर आहे, नाही म्हणावं तर नाही.

"लिहूया का 'खाली आहे' म्हणून?" त्याने विचारलं. "आकडा तर खालीच आहे."

"नको," जानकी म्हणाली. "आहे तसं लिहू."

दुरुस्त चौथं प्रकरण तिने तसंच लिहिलं. जुना दावा मागे घेतला आणि तो का टिकत नाही हे फसव्या मिश्रणासकट दाखवलं. नवी बेरीज मांडली. शेवटी लिहिलं, की हाती असलेली मोजणी मर्यादेवर आहे आणि तिच्यावरून निर्णय देता येत नाही. प्रभुदेसाई सरांनी प्रकरण दोनदा वाचलं, सिद्धता स्वतः हाताने करून पाहिली, आणि रविवारी सकाळी फोन केला. "शब्द बदलायला सांगितला होता मी तुम्हाला," ते म्हणाले. "बरं झालं ऐकलं नाहीत." प्रत मुदतीत गेली.

तोंडी परीक्षेला प्रीतम स्वतः गाडी घेऊन गोव्याला आला. परीक्षक वयस्क, बारीक आवाजाचे गृहस्थ होते. त्यांनी सातही तऱ्हा फळ्यावर काढायला लावल्या, प्रत्येकीत किती जोड्या तुटतात ते मोजायला लावलं, आणि मग खुर्चीत मागे रेलले.

"म्हणजे तुमच्या प्रयोगातले चार किरण एकत्र गुंफलेले आहेत की नाहीत?"

"या मोजणीवरून सांगता येत नाही, सर."

"पहिल्या प्रतीत तुम्हाला खात्री होती."

"तेव्हा मी चुकीचा प्रश्न विचारला होता. आता प्रश्न बरोबर आहे. उत्तर यायचं आहे."

"मी तो परिच्छेद लिहिला तेव्हा तुम्ही एक शब्द बदलाल अशी माझी अपेक्षा होती," ते म्हणाले. "बहुतेक जण तेच करतात. सहा जोड्यांचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं." आणि त्यांनी समोरच्या कागदावर सही केली.

बाहेर प्रीतम गाडीला टेकून उभा होता. तिचा चेहरा बघून त्याला कळलं. घरी फोन लावून फक्त म्हणाला, "अक्का, डॉक्टरीण झाली गो आमची." पलीकडून अक्काचा आवाज जानकीला फोनच्या बाहेरपर्यंत ऐकू आला. ती रडत होती की ओरडत होती ते कळलं नाही.

शौनक मात्र त्या केसभर अंतराने बेचैन झाला होता. नवे आरसे आणायची सोय नव्हती, तेव्हा त्याने होते तेच किरण पुन्हा जुळवायला घेतले. एकेक भिंग, एकेक आरसा पुसून, सरकवून, पुन्हा बसवून. चौथ्या किरणाच्या वाटेवर थोडा प्रकाश वाया जातोय असं त्याच्या ध्यानात आलं. तो डिटेक्टर किंचित तिरका बसला होता. तो सरळ केला. जानकी दर आठवड्याला फोन करायची, तो दर वेळी 'अजून नाही' म्हणायचा. कॉलेज सुरू झालं होतं. मे महिन्यातलं घर आता तिला लांबचं वाटायला लागलं होतं.

चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात, दुपारी, ती आणि अक्का ओसरीवर गणपतीच्या वर बांधायच्या माटवीसाठी हरणं, कांगल्या अशी रानातली फुलं-फळं निवडत बसल्या असताना त्याचा व्हिडिओ कॉल आला. मागे प्रयोगशाळेतले आणखी दोघं-तिघं दाटीवाटीने उभे होते.

"मॅडम, बसलाय ना?"

"बसलंय रे. सांग," घाईघाईत तिच्या तोंडून मालवणीच आलं.

त्याने स्क्रीनवर आलेख दाखवला. आडवी रेघ म्हणजे निम्म्याची मर्यादा. तिच्या बऱ्याच खाली ओळीने ठिपके, प्रत्येकावर चूकभुलीची छोटी उभी रेघ, आणि त्या रेघांतली एकही वरच्या मर्यादेला शिवत नव्हती. जानकीने फोन डोळ्यांजवळ नेला. एकेक ठिपका बघितला. मग फोन अक्काच्या हातात दिला आणि स्वतः तोंडावर हात धरून बसली.

अक्काने चष्मा सावरून ठिपक्यांकडे बघितलं. "म्हणजे चारय जाण एकत्र आसत?"

"आसत, अक्कानू. एकाच वेळी. चारय जाण."

"नक्की मां? परत कोण पत्र धाडूचो नाय मां?"

"धाडीत तर धाडूंदे. आता उत्तर आसा."

बाबांनी आतून विचारलं काय झालं, आणि अक्का त्यांना सांगायला फोन घेऊनच उठली. फोनमध्ये अजून पुण्याची माणसं होती, ती बिचारी छताकडे आणि वाशांकडे बघत 'हॅलो, हॅलो' करत राहिली. जानकीने फोन परत मिळवला तेव्हा शौनक हसत होता.

"मॅडम, एक विचारू? पाचवा किरण घातला तर?"

तिने हातातली हरणं पाटावर ठेवली आणि बोटाने ओसरीच्या धुळीत पाच ठिपके काढले. पाच ठिपक्यांच्या जोड्या दहा. एक वेगळा काढला तर चार तुटतात.

"दहातल्या चार," ती म्हणाली. "निम्म्याहून कमी. म्हणजे आणखी कठीण जाणार, शौनक."

"किती कठीण?"

"थांब, नीट करून सांगते," असं म्हणून ती पेन शोधायला उठली.